नदीपलीकडचं हसू

एकदा एक बुवा होते आणि त्यांचा एक शिष्य होता, आणि दोघांत जास्त शहाणा कोण याबद्दल शिष्याच्या मनात काडीची शंका नव्हती.

बुवांचं नाव शीलास. नगरकडच्या एका गावात ख्रिस्ती मंडळी होती, जुनी, पणजोबांपासूनची. रविवारची उपासना पाळकसाहेब चालवायचे, पण लोकांच्या काळजाला हात घालायचं ते शीलासबुवांचं कीर्तन. टाळ तेच, मृदंग तोच, पेटी तीच. नाव तेवढं प्रभू येशूचं. पाळकसाहेबांच्या उपदेशाला जी माणसं डुलक्या काढायची, तीच बुवांच्या कीर्तनाला जागी राहायची, आणि ज्याला झोप लागत नाही त्याच्याच कानात काहीतरी शिरतं, हे तर तुम्हालाही ठाऊक आहे.

शिष्याचं नाव नथनेल. सगळे त्याला नथू म्हणायचे, बुवा नथ्या म्हणायचे. गळा गोड, आणि अंगात नकलेची कला. एसटीचा कंडक्टर, पाळकसाहेबांचा खोकला, व्यायला टेकलेली शेळी, नथूनं करून दाखवावं आणि बघणाऱ्यानं पोट धरावं. बुवा सांगायचे, "नथ्या, नक्कल म्हणजे आमटीतलं मीठ. तू तर आमटी बाजूला ठेवून मीठच वाढतोस." नथू मान डोलवायचा. ती मान डोलवणंही नक्कलच होती, ऐकणाऱ्या माणसाची.

बुवा आता थकले होते. येत्या नाताळच्या कीर्तनात आपली जागा ते नथूला देणार, हे मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. नथूला जगात दुसरं काही नको होतं. शेत नको, नोकरी नको, बायकोचंही नंतर बघू. नाताळसाठी त्यानं नवं धोतर आणून ठेवलं होतं आणि ते मधून मधून उघडून बघायचा.

एका रविवारी संध्याकाळी बुवांचा घसा बसला. ते म्हणाले, "आज आख्यान तू लाव." आख्यान बुवांनीच रचलेलं होतं. एक राजा मेजवानी देतो, साऱ्या गावाला बोलावणं जातं. सगळे पानावर बसतात, आणि मागून एक बाई उशिरा येते, दाराशी उभी राहून सबबी सांगत. राजा स्वतः उठतो आणि तिला आत घेतो. साधी गोष्ट.

नथूनं उपरणं पदरासारखं डोक्यावर घेतलं आणि ती उशिरा येणारी बाई झाला. पण झाला कोण? आधी खांदा पुढे, मागून कंबर, आणि एक पाय ओढत. दाराशी येऊन म्हणाला, "मी आपलं सांगते, म्हातारीला आधी भरवावं लागतं. मी आपलं सांगते, पायही चालत नाही."

आख्ख्या चर्चला कळलं. ही तबीथा. लहानपणी पोलिओनं एक पाय गेलेली, नवऱ्यानं माघारी पाठवलेली, अंथरुणाला खिळलेल्या आईला भरवून मगच उपासनेला येणारी, म्हणून कायम उशिरा. आणि 'मी आपलं सांगते' म्हटल्याशिवाय जिचं वाक्य सुरूच होत नसे, ती तबीथा. ती त्या वेळी बायकांच्या बाजूला भिंतीशी बसलेली होती.

लोक हसले. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. हसू असं चढत गेलं की नथूला राजापर्यंत जायची इच्छाच उरली नाही. त्यानं हवेत दोन्ही हात आपटून दार लावलं आणि म्हणाला, "उशीर झाला, बाई. दार बंद." मृदंगावर थाप पडली.

तबीथा उठली. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया, त्यांच्या मधल्या वाटेनं दारापर्यंत गेली. चालली तशीच, जशी ती चालते. नथूची नक्कल किती हुबेहूब होती ते लोकांना तेव्हा नीट कळलं. तरी एक-दोघं हसलेच.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं तिच्या मागं लागली. दार बंद, दार बंद. तिनं चर्चला येणं सोडलं.

मग मंडळीचे पंच बसले. पंचांत मोठे अमोसआप्पा. त्यांनी ठरवलं की नथूनं इथून पुढं कीर्तनाला उभं राहायचं नाही, नाताळला शेजारच्या गावचे बुवा बोलवायचे.

आता नथू रडायला लागला. हा 'आता' ध्यानात ठेवा. तबीथा उठून गेली तेव्हा तो रडला नव्हता. पोरं ओरडली तेव्हाही नाही. नवं धोतर पेटीत राहणार असं कळलं, तेव्हा डोळ्यांना धारा लागल्या.

पुढच्या रविवारी त्यानं सगळ्या मंडळीसमोर उभं राहून कबुली दिली. "मी पापी आहे. माझ्यासारखा अधम या पृथ्वीवर दुसरा नाही. मी धूळ आहे, मी राख आहे." सूर असा लावला की भैरवीच. बायांनी डोळे टिपले, अमोसआप्पांनी चष्मा काढून पुसला. एकटे शीलासबुवा तपकिरीची डबी उघडून बसले होते.

उपासना सुटल्यावर आप्पा बुवांकडे आले. "बुवा, पोरगं पार विरघळलंय. घेऊ या परत?"

"विरघळलंय खरं," बुवा म्हणाले. "कशात विरघळलंय ते बघू. जरा थांबा."

आणि मग बुवांनी असं काही केलं की पंचांनी कपाळाला हात लावला. त्यांनी नथूला बोलावलं आणि सांगितलं, "नदीपलीकडच्या मंडळीचं मला कीर्तनाचं बोलावणं आहे. माझा घसा अजून धरलाय. तू जा."

नथूला खरं वाटेना. "मी? आणि आख्यान कोणतं?"

"तेच. मेजवानीचं."

"तेच?"

"तेच. तिथं तबीथाला कोणी ओळखत नाही. आपले पंच तिथं नाहीत, मीही नाही. तुला वाटेल तसं कर."

ज्याला शिक्षा, त्यालाच पाट मांडून पुढच्या गावात बसवायचं. अमोसआप्पा म्हणाले, "म्हातारपणी बुवांचा ताल सुटला." बुवांनी ऐकलं आणि शिंकले.

नथू पलीकडं गेला. जाताना त्यानं मनाशी ठरवलं होतं की बाई साधीच करायची, सरळ चालणारी. तशी केलीही. पण समोरची माणसं गार बसलेली. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं असा जबडा उघडला की आतले उरलेले दात दिसले. आणि नथूचा खांदा आपोआप पुढं सरकला. मागून कंबर गेली. मग पाय. मग, "मी आपलं सांगते."

हसण्यानं पत्रे हलले. म्हाताऱ्याची जांभई कुठल्या कुठं पळाली. कीर्तन संपल्यावर लोकांनी नथूच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि पुढच्या वर्षाचं आमंत्रण तिथंच देऊन टाकलं.

तो परत आला तेव्हा बुवा ओट्यावर भाजलेल्या शेंगा फोडत बसले होते.

"सलाम, बुवा."

"सलाम. हार बरा आहे."

"लोक सोडतच नव्हते."

"हसले?"

"विचारू नका."

"बरं, नाही विचारत. एवढंच सांग, ती उशिरा आलेली बाई पायानं धड होती का?"

नथू हार काढायला लागला. तो कानाला अडकला.

"बुवा, तिला तिथं कोणी ओळखत नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो."

"मग कोणाला लागलं? बाई इथं, हसू तिथं. मधे आख्खी नदी."

"कोणालाच नाही लागलं."

"मग माझा गुन्हा काय?"

"मी कुठं गुन्हा म्हणालो? मी शेंगा खातोय."

नथूचं डोकं फिरलं. "तुम्ही मला मुद्दाम पाठवलंत. सापळा लावलात."

"लावला," बुवा म्हणाले. "सापडलेला उंदीर सापळ्यालाच शिव्या देतो. आतल्या भाकरीला कोणी देत नाही."

"मग त्या रविवारी मी रडलो, ते काय खोटं होतं? सगळी मंडळी रडली."

बुवांनी टरफलं बाजूला सारली. "खोटं नव्हतं, नथ्या. तू अगदी खरं रडलास. पण कोंबडीचोराची पोटरी कुत्र्यानं धरली की तोही खरंच रडतो. ते रडणं पोटरीसाठी असतं, कोंबडीसाठी नाही. त्याला पश्चात्ताप झालाय का बघायचं असेल, तर कुत्रं बांधून ठेवावं, खुराडं उघडं टाकावं आणि आपण घरात जाऊन बसावं. मी तेवढंच केलं. शिक्षेच्या भीतीनं जे येतं ते शिक्षेबरोबर निघूनही जातं, त्याला प्रभूच्या घरी पश्चात्ताप म्हणत नाहीत. पश्चात्ताप म्हणजे तोंड वळवणं. तू वळलास खरा, पण पंचांकडं वळलास. जिचं हिरावलंस, तिच्याकडं तुझी अजून पाठच आहे."

दुसरा कोणी असता तर इथं बुवांच्या पायावर पडला असता, आणि गोष्ट संपली असती. नथू पडला नाही. तो ताठ उभा राहिला. "असं आहे का? मग आत्ता जातो तबीथाकडं. माफी घेऊन येतो आणि तुमच्या हातावर ठेवतो. मग तर झालं?"

"जा," बुवा म्हणाले. "पिशवी घेऊन जा. माफीबरोबर मिरच्याही आण."

तबीथा दारात पाय लांब करून गोधडी शिवत बसली होती. नथू समोर उभा राहिला.

"आक्का, सलाम. माफी मागायला आलोय."

तिनं सुईत दोरा ओवला, मग मान वर केली. "माग."

नथूनं घसा साफ केला. "मी पापी आहे, आक्का. माझ्यासारखा अधम या पृथ्वीवर..."

"ते झालंय ऐकून. शेजारणीनं येऊन म्हणून दाखवलं. रडूनही दाखवलं, तुझ्यापेक्षा बरं रडली. दुसरं काही आहे?"

नथू अडखळला. "तुम्ही एकदा माफ केलं म्हणा. म्हणजे..."

"म्हणजे नाताळला उभं राहता येईल."

नथूनं नजर खाली वळवली.

"मी आप..." तबीथा म्हणाली, आणि थांबली. तिनं ओठ मिटले, ते शब्द गिळले आणि दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. "माझं माफ करणं म्हणजे काय रेशन कार्डावरचा शिक्का आहे? आलास, मारून घेतलास, गेलास? नाही करत मी माफ. प्रभू मला विचारील तेव्हा त्याचं मी बघून घेईन. आमच्या दोघांच्या बोलण्यात तू पडू नको."

"एवढा राग, आक्का?"

"एवढाच. आणि तो माझा आहे. त्याची तरी नक्कल करू नको."

ती पुन्हा शिवायला लागली. नथू वळला, तेव्हा पाठीमागून तिचा आवाज आला.

"एक सांगून जा. खांदा आधी आणि कंबर मागून, हे तू बरोबर धरलंस. आरशात बघूनही मला ते कधी कळलं नव्हतं. बरंच बघितलं असशील मला."

"बघितलं," तो म्हणाला.

"इतकं बघताना एकदा तरी मनात आलं का, की हिला विचारावं, बाई, दुखतं का?"

नथूनं तोंड उघडलं. ज्याच्या गळ्यात सगळ्या गावाचे आवाज होते, त्याला स्वतःचा सापडेना.

"दुखतं," तबीथा म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला.

आतून म्हातारीनं विचारलं, "कोण आलंय गं?"

"कोणी नाही, आई. वाट चुकलाय."

नथू निघाला तेव्हा तिनं सुनावलेलं त्याच्या कानात नव्हतं. कानात होतं ते गिळलेलं अर्धं वाक्य. मी आप... एवढंच. जन्मभर वापरलेले शब्द, आणि आता ती ते स्वतःच्या दारात बसून उच्चारायला भीत होती, कारण ते तिचे राहिलेच नव्हते. तिच्या तोंडातला घास काढून घ्यावा तसे नथूनं ते काढून घेतले होते आणि नदीपलीकडं नेऊन वाटले होते, हाराच्या बदल्यात.

गल्लीच्या तोंडाशी पोरांनी त्याला गाठलं. "नथूदादा, ती लंगडी करून दाखव ना." त्यानं नाही म्हटलं, तर पोरांनीच करून दाखवली. खांदा आधी, कंबर मागून. सगळी पोरं नथूसारखी लंगडत होती. त्यांच्यावर खेकसायला त्याला तोंडच नव्हतं.

आणि आता देवाची गंमत बघा. नदीपलीकडच्या पाळकांचा निरोप आला की तुमचा शिष्य म्हणजे हिरा, आमच्या लोकांच्या अजून तोंडी आहे. तिथं नक्कल कोणाची झाली हे त्या पाळकांना माहीत नव्हतं, आणि नक्कल झाली हेच या पंचांना माहीत नव्हतं. पंचांची छाती फुगली. पोरगं रडलं होतंच, वर गावाचं नावही काढून आलं. त्यांनी शिक्षा उठवली. नाताळचं कीर्तन नथूचंच.

नथू बुवांकडं गेला. "तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"त्यांनी मला विचारलं नाही," बुवा म्हणाले, "आणि तुलाही नाही."

ज्यासाठी रडला ते सगळं हातात आलं, आणि तेव्हापासून नथूला घास गोड लागेना. पेटीतलं धोतर त्यानं उघडूनही बघितलं नाही.

नाताळच्या संध्याकाळी चर्च खच्चून भरलं. तारे टांगलेले, बायांच्या केसांत अबोली, पहिल्या रांगेत अमोसआप्पा. तबीथा नव्हती. नथूनं नमन केलं, अभंग झाला, आणि मागून हाका आल्या, "मेजवानीचं लाव, नथू. उशिरा येणारी बाई लाव."

"नाही लावत," नथू म्हणाला.

लोकांना वाटलं, हीसुद्धा एक गंमत. आप्पा हसत म्हणाले, "अरे, सणाचा दिवस आहे."

"म्हणूनच नाही लावत, आप्पा. बुवांच्या गोष्टीत राजा उठून त्या बाईला आत घेतो. राजानं दार लावलं नव्हतं. ते मी लावलं, तुम्ही हसत होता म्हणून. मी तबीथाआक्काची चाल चोरली, तिचं बोलणं चोरलं."

"झालं ते झालं," आप्पा म्हणाले. "मंडळीनं तुला माफ केलंय."

"मंडळीनं कशाला माफ करायचं? मंडळी तर हसत होती."

चर्चमध्ये कोणीतरी खोकलं. पाळकसाहेबांचाच खोकला होता, आणि कोणाला हसू आलं नाही.

"आणि तुम्हाला माहीत नाही तेही सांगतो," नथू म्हणाला. डोळे कोरडे होते, आवाजाला सूर नव्हता. "नदीपलीकडं मी तेच पुन्हा केलं. इथं तुमच्यापुढं रडून झाल्यावर केलं. तिथं सगळे हसले, हार मिळाला, आणि त्या हाराच्या जोरावर तुम्ही मला आज इथं उभं केलंय."

अमोसआप्पा उठले. मान लाल झाली होती. "म्हणजे आम्हाला फसवलंस तू. सणाच्या दिवशी मंडळीची लाज काढतोस. खाली उतर. या चर्चमध्ये पुन्हा तुझं कीर्तन होणार नाही."

"नका होऊ देऊ, आप्पा. पण तुम्ही सगळ्यांत आधी हसला होतात. पहिल्या रांगेत बसता, मला दिसतं."

असं म्हणून तो उतरला आणि जाऊन मागं जोड्यांपाशी बसला. त्याला कोणी जागा दिली नाही. शीलासबुवा उठले आणि बसक्या गळ्यानं त्यांनी भजन धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नथू बुवांच्या दारावरून चालला होता. अंगात रोजचेच कपडे.

"कुठं निघालास?" बुवांनी विचारलं.

"पलीकडं."

"बोलावलंय?"

"नाही."

"तिथं कोणाला काही माहीत नाही, नथ्या. तुला कोणी विचारणार नाही. तू जाऊन आलास हे तबीथाला कळणारही नाही, आणि कळलं तरी ती माफ करील असं नाही. कीर्तन तर तुझं सुटलंच आहे. मग कशाला जातोस?"

नथूनं नदीकडं बघितलं. "ती माणसं अजून तिला हसत असतील, बुवा."

बुवांनी काठी घेतली, पायांत वहाणा सरकवल्या आणि ओट्यावरून उतरले. शिकवायचं काही उरलं नव्हतं. ते नुसते त्याच्या सोबत चालू लागले.